एक जादा गोळी

रामलिंग बिराजदारची क्रुझर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला शिरूर अनंतपाळच्या चौकातून निघायची. दहाजणांची गाडी, पण त्या दोन दिवशी तिच्यात तीनच माणसं असायची. पुढं त्याच्या शेजारी पंचशीला, मागच्या सीटवर गुरुबसप्पा गुरुजी आणि वाटेत एका फाट्यावर चढणाऱ्या धोंडाबाई. तिघांच्याही किडन्या निकामी झालेल्या. दहाला लातूरच्या डायलिसिस सेंटरवर मशीनला लागायचं, दोनला सुटायचं, तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच. दीड वर्षात रामलिंगनं एकही खेप चुकवली नव्हती. मेव्हणीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तो यांना सोडून, परत आणून, मग अंगावर नवा सदरा चढवून मांडवात गेला होता.

पंचशीला पस्तिशीची, अंगणवाडीत सेविका. पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणायची आणि पोरांच्या खिचडीची पातेली उचलायची, असं सात वर्षं केलं. धोंडाबाईंना बीपी होतं, पण बरं वाटायला लागल्यावर त्यांनी औषध सोडून दिलं. गुरुजींची शुगर वीस वर्षांची. शाळेत असताना त्यांच्या टेबलाच्या खणात चिवडा आणि बेसनाचे लाडू असायचे, हे तालुक्यातल्या त्यांच्या अर्ध्या विद्यार्थ्यांना माहीत होतं.

गाडीत बोलणं निघायचं ते खाण्याचंच. यांना सगळंच मोजून मिळत होतं. दिवसाला पाणी किती, तर एवढा एक तांब्या. टोमॅटो नको, केळं नको, नारळपाणी तर विषासारखं. मग धोंडाबाई सांगायच्या की त्यांच्या माहेरी येसराची आमटी कशी करायचे, पंचशीला सांगायची की भीमजयंतीला त्यांच्या गल्लीत खिरीची कढई केवढी असते. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे. मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात थोडं खाल्लं तर चालतं, असं त्या सेंटरमधल्या पेशंटांत बोललं जायचं, आणि गुरुजी त्या तासासाठी डब्यात अर्धं केळं लपवून न्यायचे.

रामलिंग आरशातून बघत गाडी चालवायचा. हसायच्या जागी हसायचा. पण एकदा पंचशीलानं त्याला तिच्या डाव्या हाताला बोट लावून बघायला सांगितलं होतं. तिथं कातडीखाली शीर फुगवून ठेवलेली, मशीनच्या सुयांसाठी. बोटाखाली काहीतरी घरघरत होतं, गाडीच्या इंजिनावर हात ठेवल्यासारखं. रामलिंगनं झटकन हात मागं घेतला. त्या रात्री त्यानं बराच वेळ स्वतःच्या मनगटाची नाडी चाचपली, आणि बायकोनं, उज्वलानं, काय झालं विचारल्यावर काही न्हाई म्हणाला.

कारण त्यालाही शुगर होती. दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हर लोकांच्या डोळे तपासणीचं शिबिर झालं, तिथं बोटातून रक्त घेतलं आणि पोरगेल्या डॉक्टरनं आकडा दोनदा वाचला. ही गोष्ट फक्त उज्वलाला माहीत होती. शुगर असलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसेल, असं त्याला वाटायचं. आणि दुसरं म्हणजे, बोलून दाखवलं की ते खरं होईल, असंही त्याला आत कुठंतरी वाटायचं.

खरं तर त्याला कसलंच व्यसन नव्हतं. दारू नाही, तंबाखू नाही, घरात कांद्यालसणाचंसुद्धा सोमवारी बंद. आपण लिंगायत, शुद्ध शाकाहारी, आपल्याला असले आजार कशाला होतील, असं तो शिबिराच्या आधी सगळ्यांना सांगत फिरायचा. पण वीस वर्षं त्यानं भाड्याची गाडी चालवली होती. तुळजापूर, गाणगापूर, नांदेडला लग्नाची वऱ्हाडं. वाटेत ढाब्यावर पंधरा माणसं उतरवली की ड्रायव्हरला जेवण फुकट असतं, आणि ते साधं नसतं. मालक स्वतः येऊन विचारतो. शेवभाजीवर तर्री जास्त, रोटीला लोणी जास्त, पनीरची वाटी वेगळी, शेवटी दोन गुलाबजाम. लहानपणी ज्याच्या घरी पाहुणे आल्यावरच भात शिजायचा, त्या माणसाला हे सगळं आपल्यासाठी येतंय याचं मोठं सुख होतं. पोट पुढं आलं तेव्हा लोक म्हणाले, धंदा बरा चाललाय.

शिबिरानंतर तो डॉक्टरकडं गेला. सकाळी एक गोळी, नाश्ता वेळेवर, जेवण वेळेवर, गोड बंद, बाहेरचं कमी, महिन्यानं दाखवायला या. महिन्यानं तो गेला नाही. गोळी मात्र चालू ठेवली. मग एका वऱ्हाडात दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं त्याला युक्ती सांगितली. जेवणावळ असली की त्या दिवशी एक जादा टाकायची. बिनधास्त जेवायचं. रामलिंगनं एका लग्नात करून बघितलं. जिलबी खाल्ली, मठ्ठा प्याला, दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याकडं बोट टोचून घेतलं, तर आकडा चांगला होता. त्याच्या छातीवरचा दगड उतरला. तेव्हापासून पाकिटात गोळ्यांची एक पट्टी जादा असायची. डायलिसिसचे पेशंट मशीनला लागले की मधल्या चार तासांत तो रिंगरोडच्या एखाद्या हॉटेलात जाऊन जेवायचा, आणि तिथं जायच्या दिवशी सकाळी दोन गोळ्या घ्यायचा. आपण काळजी घेतोय, असंच त्याला वाटायचं.

तरी भीती जात नव्हती. सेंटरच्या दारातून आत बघायची त्याला हिंमत व्हायची नाही. काचेपलीकडं पंधरा खुर्च्या, पंधरा मशीनी, नळ्यांतून फिरणारं रक्त. एकदा त्याला स्वप्न पडलं की सोळावी खुर्ची मांडलीय आणि नर्स त्याचं नाव पुकारतेय.

ऑगस्ट संपता संपता त्याचा जुना मित्र व्यंकटराव यानं लातुरात स्वतःचं हॉटेल काढलं. दोघांनी एकेकाळी एकाच मालकाच्या गाड्या चालवल्या होत्या. उद्घाटन शुक्रवारी बाराला, आणि व्यंकटरावनं फोनवर काय काय केलंय ते सगळं वाचून दाखवलं. अख्खा मसूर, काजूकरी, मांडे, बासुंदी. रामलिंगनं तीन दिवस त्या जेवणाचा विचार केला. शुक्रवारी सकाळी उज्वलानं नाश्त्याला भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, ती त्यानं खाल्ली नाही. पोट रिकामं ठेवायचं होतं. बिनसाखरेचा चहा घेतला आणि त्यावर दोन गोळ्या. नंतर बासुंदीची आठवण झाली, म्हणून आणखी एक.

तिघांना दहाला सेंटरवर सोडून तो हॉटेलवर गेला. मांडव घातलेला, फुगे लावलेले, आतून तुपात काहीतरी परतल्याचा वास. बारा वाजले. रिबीन कापायला जे पाहुणे येणार होते ते औसा रोडला दुसऱ्या कार्यक्रमात अडकले होते. साडेबारा झाले, एक झाला. व्यंकटराव घाम पुसत आत-बाहेर करत होता. लोकांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या. रामलिंगला जरा कापरं भरल्यासारखं झालं. भूक आहे, त्यानं स्वतःला समजावलं, भुकेल्यावर जेवण जास्त गोड लागतं. पावणेदोनला त्यानं व्यंकटरावला बाजूला घेऊन निघावं लागेल म्हणून सांगितलं. व्यंकटरावचा चेहरा उतरला. पाहुण्यांच्या आधी झाकण उघडता येत नव्हतं. दहा मिनिटं थांब, तो म्हणाला. रामलिंग थांबला. मांडवात शंभर माणसं उपाशी बसलेली असताना आपणच कसं एखादी रोटी दे म्हणायचं, याची त्याला लाज वाटली. सव्वादोनला पंचशीलाचा फोन आला, आमचं झालं. तो उठून निघाला.

डायलिसिसनंतर माणसं पिळून काढलेल्या कपड्यासारखी होतात. कुणी बोलत नाही, सगळ्यांना फक्त घर हवं असतं. पंचशीला पुढं बसली, डाव्या हातावर जाड पट्टी, तो हात तिनं मांडीवर सांभाळून ठेवला. धोंडाबाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या. वाटेत कुठंतरी गाडी थांबवून दोन भजी खाऊ, असं रामलिंगच्या मनात होतं, पण अष्टामोड आलं तेव्हा त्याला थांबावंसं वाटेना. आपण थांबलो की आपल्याला उठता येणार नाही, असं काहीतरी वाटत होतं.

मग घाम सुटला. ऊन होतंच, पण हा घाम गार होता. सदरा पाठीला चिकटला. ओठांना मुंग्या आल्या. छातीत धडधड वाढली तेव्हा त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. हार्ट ॲटॅक आला, तो मनात म्हणाला, आणि गाडीत तीन माणसं आहेत. गाडी बाजूला घ्यावी एवढं त्याला कळत होतं. पण ते कळणं आणि पाय यांच्यामध्ये कुणीतरी जाड गादी टाकल्यासारखं झालं होतं. पंचशीलानं काहीतरी विचारलं. त्याला तिचा राग आला, कशाचा ते कळलं नाही. समोर रस्ता एकाचे दोन झाले. दोन्हीकडं सोयाबीन हिरवंगार होतं. कुठल्या रस्त्यानं जायचं ते ठरवता ठरवता तो कुठंतरी हरवला.

पुढचं त्याला आठवत नाही. आठवतं ते तोंडातल्या गोडापासून. दातांखाली साखर कचकचत होती. कुणीतरी त्याचा जबडा धरला होता आणि गालाच्या आत बोटानं काहीतरी चोळत होतं. डोळे उघडले तर गुरुजींचा चेहरा अगदी जवळ, पांढरा फटक. गाडी एका बाजूला कललेली. काचेपुढं बाभळीच्या फांद्या. त्यानं मान वळवली आणि शेजारची सीट बघितली. सीट लाल होती. दरवाज्यावर रक्त होतं, गियरच्या दांड्यावर रक्त होतं, आणि सीटवर कुणी नव्हतं.

पंचशीला मेली, असं त्याला वाटलं. आपण तिला मारलं. त्यानं ओरडायचा प्रयत्न केला, पण तोंडातून फक्त लाळ आणि साखर आली.

"हलू नकोस," गुरुजी म्हणाले. "ती हाय. खाली बसलीय. आधी हे गिळ."

पंचशीला रस्त्याच्या कडेला, बांधावर बसली होती. धोंडाबाई तिच्यासमोर गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी तिचा दंड दाबून धरत होत्या. लुगड्याचा पदर काढून त्याची घडी केली होती आणि ती घडी भिजत चालली होती. डायलिसिसमध्ये रक्त पातळ करायचं औषध देतात, म्हणून सुयांची जागा काही तास सांभाळावी लागते. त्या हाताला धक्का लागला तर रक्त थांबता थांबत नाही, हे रामलिंगला दीड वर्ष ऐकून माहीत होतं.

काय झालं ते नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. गाडी आधी हळू झाली होती, मग एकदम जोरात पळाली. समोरून ट्रॅक्टरची ट्रॉली येत होती. गाडी तिच्याकडं सरकत गेली तशी पंचशीलानं हाक मारली, रामलिंगनं तिच्याकडं बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. तिनं उजव्या हातानं स्टिअरिंग स्वतःकडं ओढलं. ओढताना तोल जाऊ नये म्हणून डावा हात डॅशबोर्डवर रोवला. पट्टी तिथंच सुटली. गाडी ट्रॉलीला चुकवून कडेच्या चारीत उतरली आणि बाभळींत अडकून बंद पडली. घरणी नदीच्या पुलाचा कठडा तिथून वीस-पंचवीस पावलांवर होता. ट्रॉलीवाला थांबला नाही, कदाचित त्याला कळलंही नसेल.

गुरुजींनी रामलिंगच्या कपाळाला हात लावला आणि त्यांना कळलं, याची शुगर एकदम उतरलीय. तो गार, चिकट घाम त्यांच्या अंगावर कितीदा तरी येऊन गेला होता. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या खिशात साखरेच्या पुड्या असतात. त्यांनी तीन पुड्या त्याच्या तोंडात रिकाम्या केल्या.

दहा मिनिटांनी रामलिंगला नीट बसता आलं. गुरुजी त्याच्या दाराशी उभे होते, त्यांनाही उभं राहवत नव्हतं, दाराचा आधार घेतला होता.

"तुला शुगर हाय," गुरुजी म्हणाले. विचारलं नाही त्यांनी.

"हाव."

"कवापासून?"

"दोन वर्सं झाली."

"सकाळपासून काय खाल्लंस?"

रामलिंगनं तोंड पुसलं. खोटं बोलायला सुचत नव्हतं, डोकं अजून जड होतं. "काही न्हाई, गुरुजी. गोळ्या घेतल्या. तीन. मित्राकडं जेवण होतं म्हणून."

गुरुजींनी त्याला शिवी दिली नाही. ते वळून पंचशीलाच्या दिशेनं गेले. रामलिंगला वाटलं, यांनी दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंचवीस मिनिटं धोंडाबाई ती जागा दाबून बसल्या होत्या. मधे एकदा त्यांनी घडी उचलून बघितली तर रक्त पुन्हा आलं, त्यांनी पुन्हा दाबलं. पंचशीला डोळे मिटून बसली होती, ओठांचा रंग गेला होता. रामलिंग तिच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसला. जवळ जायची त्याला छाती झाली नाही. त्या शिरेचं काही बरंवाईट झालं तर दुसरी करावी लागते, दुसरी बसायला महिने लागतात, तोवर गळ्यात नळी घालतात, हे सगळं त्याला आठवत होतं. तो पंचशीलाच्या हाताकडं बघत होता आणि मनात एकच म्हणत होता, थांबू दे, थांबू दे. शेवटी धोंडाबाईंनी पदर हळूच उचलला आणि म्हणाल्या, "थांबलं."

पंचशीलानं दुसऱ्या हाताचं बोट त्या जागेवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग मान हलवली. घरघर चालू होती.

रामलिंगचा चुलतभाऊ हरिओम नळेगावात गॅरेज चालवतो. त्याला फोन केला, तो दुसऱ्या एकाला घेऊन मोटारसायकलवर आला, गाडी बाहेर काढली आणि त्यानंच चालवत सगळ्यांना घरी नेलं. रामलिंग मागं गुरुजींच्या शेजारी बसला. धोंडाबाई त्यांच्या फाट्यावर उतरताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या आणि त्याला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंचशीलाच्या घरी गेला. तिचा भाऊ धम्मदीप दारातच उभा होता. तो जिल्हा परिषदेत नोकरीला, शांत स्वभावाचा माणूस, पण त्या दिवशी त्यानं रामलिंगला आत या म्हटलं नाही. रामलिंगनं अंगणातच सांगून टाकलं. शुगर लपवली ते, ढाब्यावरचं जेवण, जादा गोळीची युक्ती, व्यंकटरावची बासुंदी. सांगताना त्याच्याच कानाला ते इतकं हलकट वाटत होतं की त्यानं मधेच थांबून खाली बघितलं. एका जेवणासाठी.

धम्मदीप म्हणाला, "भाऊ, तुमचं तुम्ही काय पण खावा. पण माझी बहीण तुमच्या शेजारी बसली होती."

आतून पंचशीला बाहेर आली. हातावर नवी पट्टी होती. तिनं भावाला आत जायला सांगितलं. ती रामलिंगवर रागावली नव्हती असं नाही, पण तिला बोलायला दम लागत होता, म्हणून ती थोडंच बोलली. तिनं त्याला सांगितलं की ती पाठीसाठी गोळ्या खायची तेव्हा तिलाही कुणी थांबवलं नव्हतं, आणि कुणी थांबवलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. तिला वाटायचं, दुखतंय माझं, गोळी मी खाते. आता तिच्या औषधपाण्याचा भार भावावर आहे, आठवड्यातले दोन दिवस पोरगी आजीकडं राहते.

मग म्हणाली, "तुमच्या ताटात मी बघणार न्हाई. पण गाडीला चावी लावायच्या आधी मला शुगरचा आकडा दाखवायचा. दाखवणार असाल तर मी बसते."

रामलिंग हो म्हणाला, पण त्याला गाडी चालवायचीच भीती वाटत होती. पुढचे पाच आठवडे हरिओमनं खेपा केल्या. गुरुजी त्यातही आले नाहीत, त्यांनी पुतण्याची गाडी लावली. रामलिंगला ते समजलं. घरी त्यानं क्रुझरची सीट तीन वेळा धुवून काढली. डाग निघाला, तरी त्याला तो दिसायचा.

डॉक्टरकडं या वेळी तो उज्वलाला घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि आवाज न चढवता सांगितलं की ही गोळी जेवणावर मारायचं औषध नाही, उपाशी पोटी तीन घेणं म्हणजे विहिरीच्या काठावर झोपणं आहे. त्यांनी गोळी बदलली, बोट टोचायचं मशीन घ्यायला लावलं, आणि रक्तालघवीच्या तपासण्या लिहून दिल्या. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत रामलिंगनं धड काही खाल्लं नाही, उज्वला त्याला दर चार तासांनी जबरदस्तीनं अर्धी भाकरी द्यायची. रिपोर्ट आला. किडनीचा रक्तातला आकडा ठीक होता. लघवीत प्रथिनं जात होती, थोडी. सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाले, सांभाळलं तर इथंच थांबू शकते.

थांबू शकते. तो हे दोन शब्द घोकत घरी आला. सेंटरमधल्या खुर्च्या त्याला आता जागेपणीही दिसायला लागल्या.

खाणं बदलणं त्याला वाटलं त्यापेक्षा अवघड गेलं, आणि त्यात भुकेचा भाग कमी होता. घरात उज्वला जे करील ते तो खात होता. अवघड होतं ते बाहेर. गाणगापूरच्या भाड्याला गेला, हरिओम गाडी चालवत होता, तो नुसता सोबत. ओळखीच्या ढाब्यावर मालकानं नेहमीसारखी पनीरची वाटी पाठवली. रामलिंगनं ती परत केली आणि वरण, एक भाकरी, काकडी मागितली. मालक स्वतः टेबलाशी आला. काही चुकलं का, त्यानं विचारलं, त्याचा चेहरा दुखावलेला होता. शेजारच्या टेबलावरचे ड्रायव्हर हसले, बिराजदार डायटिंग करायलाय म्हणाले. पूर्वी अशा वेळी रामलिंगनं काहीतरी कारण सांगितलं असतं, पोट बिघडलंय, उपास आहे. या वेळी त्यानं मालकाला खाली बसवलं आणि सांगितलं, मला शुगर आहे, दोन वर्षांपासून आहे, आणि गेल्या महिन्यात माझ्या हातून तीन माणसं मरता मरता वाचली. हसणारे ड्रायव्हर आपापल्या ताटाकडं वळले. त्या ड्रायव्हरांतला एकजण, तो जादा गोळीची युक्ती सांगणारा नव्हता, दुसराच कुणीतरी, हात धुवायच्या निमित्तानं उठून रामलिंगजवळ आला आणि हळूच त्याला विचारलं, गोळी घेऊन जेवलं न्हाई तर नेमकं काय होतं. रामलिंगनं त्याला सगळं सांगितलं. गार घाम, ओठांच्या मुंग्या, एकाचे दोन झालेले रस्ते. तो माणूस ऐकत होता आणि त्याचा हात खिशावर होता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी रामलिंग पुन्हा स्टिअरिंगवर बसला. आधी त्यानं घरी नाश्ता केला, चौकात आल्यावर बोट टोचलं आणि मशीन पंचशीलापुढं धरलं. एकशे एक्केचाळीस. तिनं वाचलं, मान हलवली. मागं धोंडाबाई नेहमीच्या फाट्यावर चढल्या. गुरुजींची जागा रिकामी होती.

घरणीचा पूल जवळ आला तशी त्याच्या हातांना थरथर सुटली. आकडा ठीक होता, पोटात अन्न होतं, तरी सुटली. त्यानं गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर लावला, आणि पंचशीलाला म्हणाला, "ताई, मला भीती वाटतीय. दोन मिनिटं थांबू का?"

"थांबा," ती म्हणाली. "मला पण वाटतीय."

गाडी थांबली ती दोन नाही, दहा मिनिटं. धोंडाबाई मागून म्हणाल्या की मशीन काही पळून चालली नाही. मग त्यानं पुन्हा बोट टोचलं, पुन्हा दाखवलं, आणि हळूहळू पूल ओलांडला.

आता तो नेमानं जातो. मधल्या चार तासांत सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बसून घरून आणलेला डबा बरोबर साडेबाराला उघडतो. व्यंकटरावच्या हॉटेलात एकदाच गेला, उज्वलाबरोबर, आणि एक वाटी मसूर, दीड भाकरी खाऊन उठला. व्यंकटरावनं बासुंदीचा आग्रह केला नाही. नोव्हेंबरात गुरुजींचा पुतण्या पुण्याला नोकरीवर गेला तेव्हा एका शुक्रवारी गुरुजी चौकात येऊन उभे राहिले. गाडीत चढायच्या आधी त्यांनी हात पुढं केला आणि मशीन मागितलं. चष्मा वर करून आकडा स्वतः वाचला. रामलिंगला ते आवडलं नाही, चारचौघांत लाज वाटली. पण त्यानं दार उघडून धरलं, आणि गुरुजी चढले.

लघवीची पुढची तपासणी जानेवारीत आहे. त्याला तारीख पाठ आहे. उज्वला म्हणते, एवढं सांभाळतोय तर चांगलंच येईल. रामलिंग हो म्हणतो, आणि रोज सकाळी बोट टोचण्याआधी क्षणभर डोळे मिटून घेतो.